मॉरिसचा केशरी हात

ही गोष्ट मी आजवर टाळली. आता सांगून टाकतो.

साठच्या दशकात घाटकोपरला आमच्या गल्लीत एका डॉक्टरांची काळी मॉरिस यायची. काय गाडी होती! बेडकासारखे डोळे, गुबगुबीत पाठ आणि वळताना दिशा दाखवायला दाराजवळच्या खाचेतून खटकन बाहेर येणारा केशरी हात! तो बघायला मी कॉलेज बुडवायचो.

ड्रायव्हर मालवणी. नाव मी कधी विचारलं नाही. वळायच्या आधी तो खटका दाबायचा, मान तिरकी करून आवाज ऐकायचा आणि मगच चाक फिरवायचा. मला म्हणायचा, “आधी सांगूचा, मगे वळूचा. गाडी असो नायतर माणूस!”

एकदा तो चहाला गेला तेव्हा मी डावीकडचा हात बोटांनी बाहेर ओढला. कड्कन तुटला! तुकडा मी खिशात घातला.

तो आला. खटका दाबला; हात तुटला तरी आतलं यंत्र वाजलंच. तो आवाज ऐकून तो डावीकडे वळला. मागून आलेला सायकलवाला आदळला, त्याचा पाय मोडला.

लोक धावले. “हात न दाखवता वळतोस? डोळे फुटले काय रे?”

“दाखवलंय मी! देवाशपथ सांगतंय!”

सगळे हसले. मी त्यांच्यातच उभा होतो. संध्याकाळी डॉक्टरांनी त्याला कामावरून काढलं.

सत्तरच्या दशकात एकदा कुर्ल्याला टॅक्सीत बसलो, तर आरशात तोच ड्रायव्हर! आता पाय धरायचे, सगळं सांगायचं!

त्याने मीटर पाडला. “खंय जावचा, सायबानू?”

“घाटकोपर,” मी म्हणालो. उतरेपर्यंत दुसरा शब्द निघाला नाही.