पऱ्यावरची रेघ

ग्रामपंचायतीचा शिपाई भागोजी याला गावातलं घर न् घर तोंडपाठ होतं. कोण मुंबईला, कोणाच्या दाराला चार वर्षं कुलूप, कोणाचा कुत्रा चावरा, सगळं. देवरुखाहून साहेब आला की आधी त्यालाच हाक मारायचा, आणि त्या हाकेने हा गडी वीतभर फुगायचा. भोळा होता, दुसरं काय!

त्याची धामणवाडी बावन्न घरांची. मधून पऱ्या वाहायचा. पावसात त्याला पाणी चढलं की पलीकडची माणसं दोन ओंडक्यांवरून जीव मुठीत धरून यायची. भागोजीचं घर पलीकडे आणि शेत अलीकडे, त्यामुळे त्याची बायको हौसाही त्याच ओंडक्यांवरून ये-जा करायची. वाडीच्या मेंबराने साकवाचा, म्हणजे पऱ्यावरच्या छोट्या पुलाचा, ठराव करून घेतला होता. पुढच्या मेंबराने नेट लावला असता तर साकव झालाच असता.

पण १९९९ साली गावाचे प्रभाग नव्याने पाडायचे निघाले. तलाठी नकाशा पसरून बसला. म्हणाला, "एका प्रभागात माणसं जास्त होतायत, भागोजी. कुठली तरी वाडी फोडावी लागणार. कुठली फोडू?"

भागोजीने क्षणभरही विचार केला नाही. "सायेब, आमची धामणवाडी आदीच फोडल्याली हाय. शिमग्यात पालखी पऱ्याच्या अल्याड पयल्या दिशी फिरते, पल्याड दुसऱ्या दिशी. देवीनंच केलेली वाटणी ती. कोन हूं का चूं करायचा नाय."

तलाठ्याला आयतंच मिळालं. त्याने पऱ्यावर लाल रेघ ओढली.

हरकतींची नोटीस निघाली. हौसाने भाताची खळ करून दिली आणि भागोजीने नोटीस चावडीच्या फळ्यावर चिकटवली. कोणी विचारलं तर तो ऐटीत सांगायचा, "देवीची रेघ हाय!" मग हरकत कोण घेणार? फक्त हौसाने विचारलं, "आवो, मग साकव कोनी बांदायचा?" तो तिच्यावरच खेकसला.

निवडणुकीत व्हायचं तेच झालं. वाडीचे दोन तुकडे दोन मोठ्या वाड्यांना जोडलेले, दोन्हीकडे मेंबर परके. एक म्हणायचा, साकवाचं पलीकडचं टोक माझ्या प्रभागात नाही. दुसरा म्हणायचा, अलीकडचं माझ्यात नाही. लाज नावाची चीज दोघांकडेही नव्हती. भागोजी त्यांना चहा नेऊन द्यायचा आणि दर वेळी साकवाचं विचारायचा.

२००२च्या जुलैत, लावणी आटपून घरी येताना हौसाच्या पायाखालचा ओंडका फिरला. भरदुपारी, माणसं बघत असताना. ती दोन दिवसांनी खाली नदीच्या वळणावर सापडली. भागोजी तिच्या उशाशी बसून एवढंच म्हणत राहिला, "मीच सांगितला, मीच." लोकांना वाटलं, दुःखाने बरळतोय.

२००४ साली पुन्हा प्रभागांचं काम निघालं. तलाठी नवा होता. भागोजीने हात जोडले. "सायेब, या टायमाला वाडी एक करा."

तलाठ्याने जुनं दप्तर उघडलं. "का बाबा? या रेघेवर एकही हरकत नाही. आणि इथे लिहिलंय बघ, पालखीच्या रूढीप्रमाणे, शिपाई भागोजी यांच्या माहितीवरून. आता वाडीच्या सह्यांचा अर्ज आण, मग बघू."

भागोजी कागद घेऊन बावन्न घरं फिरला. माणसं त्याला बसायला देत, पाणी देत. हौसाची आठवण काढून डोळेही पुसत. पण सहीचं नाव काढलं की हात मागे. शेवटी शेजारचा धाकू म्हणाला, "भागोजीदादा, देवीची रेघ म्हून तूच गावभर सांगितलास. आता देवीच्या इरुद्ध सही कशी करू?"

अर्जावर एकच सही झाली, भागोजीची. तो अर्ज फेटाळला गेला.

रेघ कायम झाल्याची नोटीस लावायची वेळ आली. हुकूम भागोजीलाच. त्या सकाळी त्याने चुलीवर मूठभर तांदूळ ठेवले. खळ किती घट्ट करायची, ते त्याला माहीत नव्हतं. आजवर ती हौसाच करून द्यायची.