दीड इंच खाली

त्या सकाळी मी डबा घेऊन फाटकाशी उभी होते. रत्नाताईची गाडी सात-दहाला वळणावर दिसायची. त्या दिवशी दिसली नाही. साडेसातला तिच्या भावाचा, सुधाकरचा फोन आला. ताई झोपेतच गेली होती... मी डबा हातात घेऊन किती वेळ तशीच उभी होते, मला आठवत नाही.

रत्नमाला तायडे दर्यापूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायची, मी तिथेच मराठी. अमरावतीहून अकरा वर्षं आम्ही तिच्या गाडीने रोज गेलो-आलो. तिला वयाच्या तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला होता. चाळिशीपर्यंत ती कुबड्यांवर चालली, एसटीने फिरली. मग चाकाची खुर्ची आली आणि तिने ब्रेक-ॲक्सिलरेटर हाताने चालवता येईल अशी गाडी करून घेतली. चालवायची ती, शेजारी बसून बडबडायची मी.

तीन वर्षांपूर्वी तिचा उजवा खांदा गेला. इतकी वर्षं पायांचं काम त्यानेच केलं होतं. खुर्चीतून गाडीत सरकताना सगळं अंग हातांवर उचलावं लागायचं, आणि त्या वेळी तिच्या तोंडून एक बारीक कण्हणं निघायचं. मी ऐकलं नाही असं दाखवायचे. डॉक्टरांनी सांगितलं, गाडी सोडा. सुधाकर म्हणाला, "ताई, आता पुरे झालं. नोकरी सोड, घरी आराम कर." ताईने मला टेप आणायला लावला. गाडीची सीट खुर्चीपेक्षा दीड इंच वर होती. खुर्चीची उशी वाढवून पाहिली, तर तिचा तोल जायला लागला. "मंग गाडीच खाली आली पायजे," ती म्हणाली.

अमरावतीत तीन गॅरेजवाल्यांनी हात वर केले. एक तर हसलाच. "मॅडम, हे कॉलेजचे पोट्टे करतात. आपल्या रोडवर खालचं ऑइल चेंबर फुटन तुमचं." शेवटी कोणीतरी अकोल्याच्या अन्वरभाईंचं नाव सांगितलं. आम्ही गेलो. अन्वरभाई गाडीभोवती फिरले आणि माझ्याकडे बघून विचारू लागले, "बाईले कशाले पायजे हे?"

ताईने काच खाली केली. "बाई इथं बसून आहे, भाऊ. मले विचारा. गाडी माही, पैसे मी देऊन राहिली, खांदाही माहाच दुखते."

अन्वरभाई ओशाळले. तिच्या खिडकीशी वाकून म्हणाले की, चाकांवरच्या आहेत त्याच स्प्रिंगा कापून देतो, गाडी खाली बसेल, दोन तासांत काम होईल. ताई म्हणाली, "कापायची नाही. कापलेली स्प्रिंग कशी कडक होते, ते मी दरवर्षी पोरांले फळ्यावर करून दाखवते. नव्या आखूड मागवा, चारही." अन्वरभाईंनी एकदा तिच्याकडे, एकदा तिच्या खुर्चीकडे पाहिलं आणि पावतीपुस्तक काढून तिचं नाव विचारलं.

दहा दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. काम चाललं होतं तोवर ती गॅरेजमध्ये खुर्ची लावून बसली होती, आणि प्रत्येक स्प्रिंग बसताना मान पुढे काढून पाहत होती. गाडी जॅकवरून उतरली, तशी ती दाराशी आली, सीटवर हात टेकला आणि सरकली. मी कान देऊन उभी होते... कण्हणं आलं नाही. ती आत बसली, दार लावलं आणि माझ्यावर खेकसली, "रडून काय राहिली? बस ना!"

परतताना एका गावाजवळच्या गतिरोधकावर गाडीचं बूड खर्रकन घासलं. सुधाकरने घरी आल्याआल्या खाली वाकून ओरखडा शोधला. "मी सांगत होतो ना!" ताई म्हणाली, "गाडी खाली नाही, ब्रेकर वर आहे." आणि ती तेवढ्यावर थांबली नाही. पुढच्या रविवारी आम्ही जाऊन तो गतिरोधक मोजला. भर दुपारी, मी वाकून टेप धरलेला, ती खुर्चीतून आकडा लिहून घेतेय, ट्रॅक्टरवाले थांबून बघताहेत. रस्त्याचं काम पाहणाऱ्या कार्यालयात तिने अर्ज दिला, चार खेटे घातले. तिथे पायऱ्या होत्या, म्हणून दर वेळी साहेबांना खाली बोलावलं. पाचव्या महिन्यात गतिरोधक छाटला गेला. त्यावरून पहिल्यांदा गाडी न घासता गेली, तेव्हा तिने हॉर्न वाजवला.

शोकसभेत एकजण म्हणाले की, ताईंनी अपंगत्वावर मात केली. दुसरे म्हणाले, त्यांनी दुःख हसत सोसलं. माझं नाव यादीत नव्हतं, तरी मी उठले. म्हणाले, "तिने हसत काही सोसलं नाही. सोसायला लागू नये म्हणून तिने गाडी खाली करून घेतली. कॉलेजचा रॅम्प तिने सात वर्षं मागितला, तो अजून अर्धाच आहे. मात कोणी करायची होती?" उरलेल्या रॅम्पचं काम त्याच महिन्यात सुरू झालं, एवढं नोंदवते.

सुधाकरला गाडी विकायची होती. खाली बसवलेली गाडी कोण घेणार, म्हणून त्याने अन्वरभाईंना जुन्या मापाच्या स्प्रिंगा टाकायला सांगितलं. अन्वरभाई घरी भेटायला आले होते. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "भाऊ, हे काम माह्याकडून नाही होणार. दुसऱ्याकून करून घ्या." माझ्या तोंडून निघून गेलं, "मला द्या ती गाडी. आहे तशी."

"तुम्हाले चालवता येते?" अन्वरभाईंनी विचारलं.

"नाही."

आता येते. बावन्नाव्या वर्षी शिकले, आणि एकटीने दर्यापूरला जाते. सीट इतकी खाली आहे की उतरताना माझे गुडघे कुरकुरतात. शेजारीण परवा म्हणाली, जरा उंच करून घे ना गाडी. मी नाही म्हटलं. कुरकुरू देत गुडघे.