पाठमोरा

माझ्या सासूबाई मुलाची दृष्ट काढायला बसल्या की मी गॅलरीत जाऊन उभी राहते. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही... म्हणजे नव्हता. आता काय म्हणू, मलाच कळत नाही.

मी चित्रकार आहे. ठाकुर्लीला स्टेशनजवळ राहते. कोळशाने मोठ्या कागदांवर काढते – थोडी माणसाची आकृती आणि बाकी नुसत्या रेषा. कुठे खांदा दिसतो, कुठे पाऊल, आणि मग तो देह रेषांमध्ये विरून जातो. हे मी ठरवून करते. निदान तोपर्यंत करत होते.

गेल्या वर्षी मात्र एकच माणूस कागदावर यायला लागला. पाठमोरा, एक गुडघा वर घेऊन बसलेला, डावा खांदा जरा उतरलेला. मी झाड काढायला बसले तरी तोच! नवरा म्हणायचा, "अगं, परत हाच? कोण आहे हा?"

"माहीत नाही रे. हात तिकडेच जातो."

बोलताना मी हसायचे, पण आतून चैन नव्हतं. जेवताना, भाजी घेताना, सारखं वाटायचं की जाऊन काढायला हवं.

ठाण्याला एका छोट्या गॅलरीत माझं प्रदर्शन लागलं. एका दुपारी साठीच्या एक काकू मुलीबरोबर आत आल्या. उन्हाचं जरा टेकायला म्हणून आल्या असाव्यात. त्या पाठमोऱ्या माणसाच्या चित्रासमोर आल्या आणि काकूंनी मुलीचा हात घट्ट धरला.

"मनीषा... आपला महेश."

मनीषाने मला बाजूला घेऊन सांगितलं. दोघी कोपर स्टेशनजवळ राहणाऱ्या. मोठा भाऊ बऱ्याच वर्षांपूर्वी वडिलांशी भांडून घरातून गेलेला, तो गेलाच. वडील वारले तेही त्याला कळवता आलं नाही.

काकू माझ्यासमोर आल्या. "कुठे भेटला तुम्हाला? असाच बसायचा तो, खांदा पाडून. खरं सांगा, मी त्याला रागावणार नाही."

"काकू, मी कोणाला बघून नाही काढलं."

"मग चेहरा का नाही काढलात?"

मला तो चेहरा कधी दिसलाच नव्हता. त्यांना वाटलं मी लपवतेय. मनीषा माझा नंबर घेऊन त्यांना कशीबशी घेऊन गेली.

त्यानंतर मी हट्टाला पेटले. एकदा तरी चेहरा येऊ दे... रोज बसायचे. तो वळायचा नाही. उलट दर कागदावर आकृती कमी आणि रेषा जास्त. शेवटी एका सकाळी पूर्ण कागद रेषांनी भरला, मध्ये माणसाएवढी जागा कोरी राहिली आणि माझा हात थांबला. एकदम हलकं वाटलं मला. पुढे काढावंसंच वाटेना.

दुसऱ्याच दिवशी मनीषाचा फोन आला. रडत होती. "ताई, दादा आलाय!"

मी कोपरला गेले. महेश कॉटवर बसला होता, एक गुडघा वर घेऊन. खूप थकलेला दिसत होता. इतकी वर्षं सुरतेला होता म्हणे, कपड्यांच्या पॅकिंगमध्ये. ठाकुर्लीला कधी उतरलेलाही नाही. काकू चहा ठेवायला आत गेल्या तसा तो हळूच म्हणाला, "चित्रं काढणाऱ्या तुम्हीच का? वर्षभर माझ्या पाठीमागे कोणीतरी कागदावर खरडत होतं. वळलो की कोणी नाही. कामात लक्ष नाही, झोप नाही. घरी गेलो तर थांबेल असं वाटायला लागलं, म्हणून निघालो. आणि निघालो त्याच सकाळी ते बंद झालं."

आईने माझ्याबद्दल सांगितलं असेल, त्यावरून काहीतरी जुळवतोय, असं मी मनाला समजावत होते. तेवढ्यात त्याने टीपॉयवर नखाने खरखर केली, जरा थांबला आणि बोटाने दोनदा टकटक.

"असा आवाज यायचा."

कोळसा झिजला की तो बोर्डावर दोनदा आपटून भुकटी झाडायची, ही माझी सवय. माझ्या खोलीबाहेरच्या कोणाला ती माहीत असायचं कारणच नाही.

याचा अर्थ काय, मला सांगता येत नाही. तुमच्यापैकी कोणाला येत असेल तर सांगा. काकू खूश आहेत, महेश घरी आहे. मी मात्र बोर्डावर नवा कागद लावून ठेवलाय आणि कोळसा हातात घेऊन परत खाली ठेवते. आपण खरडायला लागलो की कुठेतरी कोणीतरी दचकून मागे वळत असेल, असं वाटत राहतं. त्याला घर असेल का, जायला?