सोलेनची वगळलेली सहा गाणी

सोलेनवर अन्याय झाला तो मार्चमधल्या दुसऱ्या शुक्रवारी, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, सिंगापूरच्या पाया लेबार भागातल्या एका मॉलमध्ये. स्टेजवर साउंडचेक चालू होता. मी तिच्या हातात गाण्यांची यादी दिली. तिनं वाचली, उलटून मागची बाजू पाहिली. मागे काही नव्हतं.

"माझी गाणी?"

"या वेळी नाहीत. वेळ झाला नाही."

मी इव्हेंट कंपनीत कोऑर्डिनेटर आहे. सोलेन ब्रसेल्सची. फ्रेंचमध्ये स्वतः गाणी लिहिते, पियानोवर गाते. चाल पॉपची, सहज गुणगुणता येईल अशी. साथीचे सूर मात्र जॅझचे, भलतीकडेच वळणारे. इथं आठ वर्षं ती हॉटेलांच्या लॉबीत दुसऱ्यांची गाणी गात होती. त्या दिवशी फ्रान्समधल्या एका जॅझ महोत्सवाचा निवडकर्ता तिला ऐकायला येणार होता. तिनंच त्याला लिहून बोलावलं होतं. तीन वाजता त्याचं पुढचं विमान.

हे मला माहीत होतं. पहिल्या रांगेतली खुर्ची मीच राखून ठेवली होती.

मग गाणी गेली कुठे? आमच्याकडे 'क्लिअर्ड लिस्ट' असते. प्रत्येक गाण्याचे शब्द आणि इंग्रजी अर्थ क्लायंटला आधी पाठवायचे. सही झाली तेवढंच स्टेजवर. सोलेननं सहा गाणी सोमवारी पाठवली होती. अर्थ तयार करणं माझं काम. पण त्याच आठवड्यात जुरोंग आयलंड या कारखान्यांच्या बेटावरच्या एका कंपनीचा फॅमिली डे होता. बेटावर शिरायचे पास, बसगाड्या, जेवण. बुधवार उजाडला तरी एका ओळीचा अर्थ झाला नव्हता. सोलेनला फोन केला असता तर तिनंच तासाभरात लिहून दिला असता. पण मग 'राहिलं' हे कबूल करावं लागलं असतं.

बॉस ग्रेसला विचारलं. लॅपटॉपवरून मान वर न करता ती म्हणाली, "कट लाह, काढून टाक सरळ. ओळखीची इंग्लिश गाणी टाक. लंच अवर आहे. सगळे चिकन राइस खाणार, ऐकतंय कोण?"

मी टाकली. सही आली. सोलेनला सांगणं शुक्रवारवर ढकललं.

"एक तरी?" सोलेन म्हणाली.

मी ग्रेसला फोन लावला. "आता? क्लायंटला काय सांगू, तू झोपली होतीस?" फोन बंद.

"यादीबाहेरचं गायलेच तर?" सोलेननं विचारलं. "तुझी नोकरी जाईल? तुझा पास?"

इथं राहायचा पास नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की बॅग भरायची. मी "हो" म्हटलं.

खरं सांगते, तसं मला कोणीही म्हणालं नव्हतं. ओरडा बसला असता, फार तर. ग्रेसवर राग काढणं सोपं आहे, मी काढलाही. पण ते "हो" माझं होतं.

ती यादीप्रमाणे गायली. माझ्यासाठी. निवडकर्ता शेवटपर्यंत बसला, मग उठून म्हणाला, "आवाज सुंदर आहे. यातलं तुमचं कुठलं?"

"एकही नाही."

त्यानं घड्याळ पाहिलं, हात मिळवला, टॅक्सीकडे गेला. तिनं नंतर रेकॉर्डिंग्ज पाठवली. उत्तर आलं: आम्ही प्रत्यक्ष ऐकलेलंच धरतो.

पियानोचं झाकण लावताना ती एवढंच म्हणाली, "वेळ नव्हता तर मला सांगायचं ना गं."

ती पुन्हा लॉबीत गाते. परवा एका कार्यक्रमासाठी मी तिची गाणी मागितली. "इंग्लिशच घे," ती म्हणाली. "ती लवकर पास होतात."

वगळायला एक क्लिक लागते आणि वगळणाऱ्याला काही होत नाही, एवढं या धंद्यात शिकले.

तुमच्यापैकी बरेच जण ऑफिसचे कार्यक्रम ठरवतात. अशी यादी सहीसाठी तुमच्याच टेबलावर येते. आमच्यासारख्या कोऑर्डिनेटरांवर विश्वास ठेवू नका. थेट कलाकाराला फोन करा, यादी वाचून दाखवा. कलाकार हो म्हणेपर्यंत सही करू नका.