खंडेनवमीला वाळत घातलेलं फडकं

चाकणच्या एका छोट्या केमिकल कंपनीत मी केमिस्ट आहे आणि घोर लावून घेणं हा माझा स्वभावच आहे. गॅस बंद केला का ते बघायला मी अर्ध्या जिन्यातून परत वर जाते. त्यात मालकांच्या मागे लागून नवी पद्धतही मीच आणली. औषध कंपन्यांना लागणारा एक कच्चा माल आम्ही लोखंडाचा चुरा आणि ॲसिड वापरून बनवायचो. शेडभर वाफा आणि मागे गाळाचे ढीग. नव्या शेडमध्ये हायड्रोजन आणि कोळशाची पावडर वापरतात. त्या पावडरीवर निकेलचे इतके बारीक कण असतात, की साध्या डोळ्यांना दिसणारच नाहीत. गाळ नाही, वाफा नाहीत. पावडर गाळून पुढच्या बॅचला पुन्हा घालायची.

आमचे जुने ऑपरेटर काका जवळच्याच गावचे. ॲसिडच्या वाफांनी त्यांची छाती पार खराब झाली होती, म्हणून नव्या शेडला मी आधी त्यांनाच घेतलं. तिथं पथ्य एकच होतं. वापरलेली पावडर कायम पाण्यात ठेवायची, कारण वाळली की ती हवा लागून आपोआप पेटते. काका ते डोळ्यांत तेल घालून पाळायचे.

खंडेनवमीला कंपनीत काम बंद असतं. मशीन धुऊनपुसून पूजा होते, कामगारांच्या घरची मंडळी येतात. मी भोसरीत घरी आवरत होते, तेवढ्यात काकांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. पावडर गाळायचा फिल्टर लख्ख घासलेला, वर झेंडूचा हार. आतलं फडकं मात्र दिसेना. मी लगेच फोन लावला.

"काका, फिल्टरचं फडकं कुठंय?"

"धुतलं की. पूजेला काळं फडकं कशाला? भिंतीवर उन्हात टाकलंय."

"आणि पावडर?"

"ती हाय ड्रमात, पाण्यात. ते न्हाई विसरलो."

फडकं कितीही धुतलं तरी विणीत कण राहतातच. "काका, सगळ्यांना लांब करा. फडक्याला हात लावू नका, लांबून पाणी मारा." पलीकडून नुसता गलका आला आणि फोन कटला. परत लावला तर कुणी उचलेना.

मी स्कूटर काढली. मोशीच्या पुढे गाड्या तुंबलेल्या. पूजेला त्याच भिंतीखाली सतरंजी टाकतात, बायका-पोरं तिथंच बसतात. नव्या शेडमुळे आता काळजी नाही, असं त्या सगळ्यांना मीच सांगत आले होते. रस्ताभर मनात नको नको ते येत होतं.

पोचले तेव्हा सतरंजी रिकामी होती आणि सगळे गेटपाशी उभे होते. एका कोपऱ्याला जळालेलं फडकं पाण्याच्या टाकीत पडलं होतं. काका नळाखाली हात धरून उभे होते. पाइप तिथवर पोचेना, खाली पोरं बसलेली, म्हणून धुमसणारं फडकं त्यांनी हातानंच ओढून टाकीत टाकलं होतं. बोटं भाजली होती. बाकी कुणाला काही झालं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला.

दवाखान्यात बोटांना पट्टी झाली. मग काका म्हणाले, "मॅडम, मला परत जुन्या शेडला घाला." जुनी शेड अजून थोडीफार चालू होती.

"काका, अहो तिथं तुमची छाती..."

"व्हय, म्हाईत हाय. पर ॲसिड नाकाला झोंबतं, मानूस मागं सरतो. हे धुऊन, पिळून वाळत घातलं तरी पेटलं. मला ह्याचं भ्याव वाटतं."

त्यांची छाती वाचावी म्हणून मी सगळी धडपड केली होती, आणि ते माझ्याकडे ॲसिड मागत होते. मला रडू आलं. त्यांना पुष्कळ समजावलं, पण त्यांनी ऐकलं नाही. दसरा झाल्यावर मी त्यांना जुन्या शेडला पाठवलं.