दादूचा डावा हात

पंढरी घुगे मूळचा हिंगोलीकडचा. त्याच्या घराण्यात कुणी काही वाजवलंच असेल तर भजनातले टाळ, आणि पंढरीच्या हातात तेही कधी ठेक्यात वाजले नाहीत. अशा माणसाने चौतिसाव्या वर्षी तारापूरजवळच्या सरावलीच्या चाळीत बसून इंग्रजी रॉक गाण्यांची बास गिटार शिकायला घेतली, तेव्हा शेजारीपाजारी तोंडावर हसले. हसू देत बापडे. तो का शिकतोय हे त्याने बायकोलाही, साखरबाईलाही, सांगितलं नव्हतं.

गिटार दादू तांडेलची होती. दादू सातपाटीचा, तारापूरच्या कारखान्यात पंढरीचा जोडीदार. कापड दाबणाऱ्या मोठ्या रोलर मशीनवर दोघं असायचे, दादू रोलरपाशी आणि पंढरी बटणापाशी. तिथे आवाज एवढा, की कानाला तोंड लावून ओरडलं तरी ऐकू येत नसे. म्हणून बोलणं सगळं हातांनी. मूठ फिरवली की चालू कर, पंजा वर केला की थांब. पण दादूचे हात कामाशिवायही स्वस्थ नसत. कारखान्याच्या वसाहतीतल्या तीन तरुण इंजिनियरांबरोबर त्याचा बँड होता. नाताळच्या पार्ट्यांना ते वाजवायचे, आणि मशीनवर उभं राहूनही हा बाबा हवेत बोटं नाचवत गाणी घोकत असायचा.

१९८८च्या मार्चमध्ये रोलरमध्ये कापड अडकलं. मशीन बंद झालं, दादूने डावा हात आत घातला. आजूबाजूची मशीनं धडधडतच होती. थोड्या वेळाने त्याने उजवा पंजा वर केला. पंढरीला तो दिसला. झालं वाटतं काम, आलं याच्या अंगात गाणं, असं मनाशी म्हणत त्याने बटण दाबलं.

दादूची डाव्या हाताची मधली दोन बोटं गेली. तारा दाबायचा हातही तोच.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "त्याने हात वर केला होता का?" पंढरी म्हणाला, "मला नाही दिसला." झालं. दादूनेच निष्काळजीपणा केला असं कागदावर आलं. पंढरीची नोकरी टिकली, पण त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागेना. खोटं बोलणाऱ्या माणसाला झोप लागते असं कोण म्हणतं, मला ठाऊक नाही. त्याला लागत नव्हती.

तीन महिन्यांनी धीर करून तो सातपाटीला गेला. दादूची आई, नर्मदामावशी, ओट्यावर सुके बोंबील निवडत होती. तिने मानेनेच आत जा म्हणून सांगितलं. दादू भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्याने वळूनही पाहिलं नाही. कोपऱ्यातल्या गिटारकडे बोट दाखवून म्हणाला, "ती घेऊन जा. मना डोल्यांपुढं नको ती."

"मला शिकव," पंढरीच्या तोंडून निघून गेलं.

"वही हाय बरोबर. वाच नि शिक."

वहीत टॅब होते. प्रत्येक पानावर चार-चार आडव्या रेघा, त्यांच्यावर आकडे. चार रेघा म्हणजे चार तारा, आणि आकडा म्हणजे बोट कितव्या पट्टीवर दाबायचं ते. शून्य असेल तर तार मोकळी सोडायची. सातवी शिकलेल्या पंढरीला एवढं समजलं. गिटारचं टोक लोखंडी कपाटाला टेकवलं की आवाज मोठा येतो, हेही त्याने शोधून काढलं. साखरबाईने आठ दिवस सहन केलं, नवव्या दिवशी कपाटात खणखणणारी भांडी काढून ठेवली.

महिन्याभराने तो पहिलं गाणं वाजवून दाखवायला सातपाटीला गेला. चार सूर झाले नसतील, तोच दादू फिसकन हसला. "अरं, उलटं वाचलंस सगलं! जाडी तार खालच्या रेघेवर असते!" अपघातानंतर पहिल्यांदाच तो हसत होता. नर्मदामावशी हातातलं काम टाकून दारात आली आणि पदराने डोळे पुसत उभी राहिली. पंढरीला मात्र ते हसू बघवेना.

मग सुट्टीचा दिवस आला, की एस.टी.ने पालघर आणि तिथून सातपाटी असं सुरू झालं. आकडे बसले, तरी गाणं काही होईना. पंढरी सगळे सूर एकाच चालीत, मशीनसारखे हाकत सुटायचा.

"आकडं बरोबर हायत," दादू म्हणाला. "पण तू थांबत नायस."

"थांबायचं लिहिलंय कुठे?"

"ते यात लिवलेलं नसतं. ते दुसऱ्यानं दाखवावं लागतं."

आणि तो समोर उभा राहिला, मशीनवर राहायचा तसाच. मूठ फिरवली, पंढरीने सुरुवात केली. तिसऱ्या गाण्यात मध्येच बासने आठ ठोके गप्प राहायचं असतं. तिथे दादूने उजवा पंजा वर केला. पंढरीने नजर खाली वळवली आणि बोटं तशीच पुढे पळाली. "परत," दादू म्हणाला. परत तेच. पाच वेळा तेच झालं.

सहाव्या वेळी दादूने डावा हात वर केला. अंगठा, तर्जनी, करंगळी आणि मधली मोकळी जागा.

पंढरी थांबला. तारेवरचा हात त्याने उचलून घेतला.

"दादू, त्या दिवशी तुझा हात मला दिसला होता."

"ठाव हाय. तू माज्याकडंच बगत होतास."

"मग चौकशीत बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो."

पंढरीला रडू आवरेना. "उद्या साहेबांना सांगतो," तो कसाबसा म्हणाला. दादूने हात अजून खाली घेतला नव्हता. आठ ठोके कधीच उलटून गेले होते. पंढरी डोळे न पुसता त्या तीन बोटांकडे बघत राहिला, आणि त्यांची मूठ होऊन ती फिरेपर्यंत त्याने तारेला हात लावला नाही.