शिंपल्यांच्या रेघा

गोदावरीचं पात्र आटायला लागलं की मासे मरतात, बगळे निघून जातात, शिंपले मात्र पाण्याची पाठ सोडत नाहीत. पाणी मागं सरकेल तसे तेही चिखलातून सरकतात आणि त्यांच्या मागं बोटभर रुंदीची रेघ उमटते. हे मला आत्याने दाखवलं. मी तेव्हा अकरावीत होते. तलवाड्याच्या बाजूचं आमचं गाव टँकरवर होतं, आणि आमच्या वस्तीपर्यंत येईतो टँकरमध्ये गढूळ तळ तेवढा उरायचा.

आत्या पात्रात वाकून चालायची. मी घागर घेऊन मागं.

"ही रेघ बघ. कुठं चालली?"

"वळणाकडं."

"मग आपण बी तिकडंच."

रेघ संपली तिथं तिने बोटं खुपसली आणि एक काळा शिंपला काढून माझ्या हातावर ठेवला. जड होता, घट्ट मिटलेला. "मेलेला तोंड वासून पडतो," ती म्हणाली. "ह्यो जिता हाय. ह्याच्याखाली ओल हाय." तिथंच आम्ही दोघींनी वाळू उपसली. कमरेइतकं खोल गेल्यावर पाणी झिरपायला लागलं. त्या झिऱ्यावर वस्तीतली सगळी घरं प्यायली. एक घागर भरायला अर्धा तास लागायचा, तरी बायका हसत बसायच्या.

मला मात्र चैन नव्हतं. मी वाढले ती पत्रकांवर. वडील मजुरी करायचे, पण कुठलाही मेळावा झाला की तिथली पत्रकं आणून लोखंडी पेटीत जपून ठेवायचे. अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. पाणी सगळ्यांचं आहे, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. आमच्या आज्याला पाणवठ्यावर पाण्याला हात लावू दिला नव्हता, हेही पाठ होतं. आणि आता आम्हीच पाणी लपवून पीत होतो. आत्या कापसाच्या वाळक्या पळाट्या टाकून झिरा झाकून ठेवायची, ते मला बघवत नव्हतं.

मी पत्रक लिहिलं. नदीच्या वळणाखाली, पडक्या घाटासमोर गोडं पाणी लागलं आहे, ते साऱ्या गावाचं आहे, कुणी एकट्याने उपसू नये. वडिलांनी ते दोनदा वाचलं, एक वेलांटी दुरुस्त केली आणि स्वतः झेरॉक्स काढून आणलं. चावडीवर, एसटीच्या थांब्यावर आणि उपसा सिंचन सहकारी संस्थेच्या दारावर मी माझ्या हाताने चिकटवलं.

आत्याला वाचता येत नव्हतं. तिने विचारलं, "जागा बी लिवलीस?"

"लिहिली. लपवायचं कशापायी?"

त्या दिवशी ती जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी वळणावर जेसीबी उभा होता. संस्थेची जुनी विहीर कोरडी पडली होती आणि सभासदांचा ऊस वाळत होता. सभासद व्हायला जमीन लागायची, ती आमच्या वस्तीत कुणाकडेच नव्हती. दुपारपर्यंत विहिरीएवढा खड्डा झाला, त्यात इंजिनाचा पाइप पडला. मी धावत गेले. चेअरमन काठावर खुर्ची टाकून बसले होते. माझं पत्रक त्यांच्या खिशात होतं.

"साहेब, हे पाणी प्यायचं आहे."

"पोरी, तूच लिवलंस की, साऱ्या गावाचं. संस्था गावाचीच हाय. एकटा कोण उपसतोय? आमी दोनशे सभासद हाव."

इंजिनवाला हसला. "लई झ्याक लिवतीस बे."

"तिला बे म्हणू नगं," चेअरमन म्हणाले, "शिकल्याली हाय."

संध्याकाळी झिऱ्याच्या तळाला नुसती ओली वाळू होती. खड्ड्याच्या कडेला शिंपले तोंड वासून पडले होते आणि त्यांचा वास वस्तीपर्यंत येत होता. बायका रिकाम्या घागरी घेऊन माझ्या समोरून गेल्या. वडिलांनी पेटी उघडली आणि न वाचताच मिटली.

मग आत्या पुन्हा पात्रात उतरली. चार दिवस हिंडली. जिथं जिथं शिंपला सापडे तिथं तो हलका, मेलेला लागे. पाचव्या दिवशी वरच्या अंगाला, खडकाच्या पोटाशी, तिला तीन रेघा दिसल्या. तिन्ही एकाच कपारीत गेल्या होत्या. तिथं वाटीने भरावं लागेल इतकंच पाणी होतं.

तिने मला बाभळीची फांदी दिली. "पूस. रेघा कुणाला दिसाया नगंत."

शिंपले रोज थोडे सरकत आणि रोज नवी रेघ उमटे. रोज पहाटे मी ती फांदीने पुसायची आणि पुसताना काठाकडे बघायची. दूर कुठं ट्रॅक्टर वाजला तरी खडकाआड दडायची. माझ्या आज्याला पाण्यापासून ज्यांनी अडवलं, त्यांनाही अशीच धास्ती वाटत असेल का, असं एकदा मनात आलं आणि माझे हात थांबले. पण रेघ तशीच सोडून मला जाता येईना.

एका सकाळी एक मेंढकी बाई आली. चार मेंढरं, काखेत कळशी, ओठ फुटलेले.

"बाई, हितं कुठं पाणी हाय का?"

फांदी माझ्या हातातच होती. "न्हाई," मी म्हणाले.

कपारीतून आत्याचा आवाज आला. "हाय. ये माय, बस. मेंढरं खालीच ऱ्हाऊ दे."

ती बाई माझ्याकडे न बघता पुढं गेली. आत्याने स्वतःची अर्धी घागर तिच्या कळशीत ओतली आणि तिला म्हणाली, "उद्या बी ये. पर एकटी ये, अन् जाताना तुझी पावलं पुसून जा."

मी तिथंच उभी होते. ती बाई परत निघाली तेव्हा मी फांदी तिच्यापुढं धरली. तिने ती घेतली आणि पाठीमागं ओढत काठापर्यंत गेली. मी काठाकडे बघत राहिले. इंजिनाचा आवाज येत होता, पण अजून खालच्या वळणावरूनच.